चतकोर

पाच मिलिग्रॅमची घ्यायची, चार तुकडे करायचे,
स्वस्त पडतं,
हे मला बाबगोंडानं शिकवलं,
मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यावर बसून, भडंग खाता खाता,
आणि स्वतःच्या डोक्यावरून असा हात फिरवला
जणू तिथं कुणाचं तारण ठेवलंय.

आप्पांचं डोकं पॉलिश केलेलं हळकुंड.
माझं तसं व्हायला तीस उजाडलं नसतं.
त्रिशलाला बघायला गेलो तेव्हा कपाळावर केस होते,
खरे किती, गोळीचे किती
तेवढं बोलणीत निघालं नाही.

लग्नानंतर सहाव्या दिवशी तिला पाकीट सापडलं.
हसली. म्हणाली, एवढंच ना.
मग कापायचं काम तिनंच घेतलं.
माहेरून आलेला पितळी अडकित्ता,
आमच्यात सुपारी कुणी खात नाही,
तो बिचारा बिनकामाचा होता.
चार चतकोर. कधी तीनच, आणि चुरा.
चुरा ती बोटानं टिपायची,
माझ्या जिभेवर ठेवायची,
उरलेलं बोट स्वतः चाटायची.
वाया कशाला.

दोन वर्षं.
"काय विशेष?" म्हणत येणारे सगळे
तिच्या पोटाकडे बघायचे.
माझ्या खिशाकडे एकानंही नाही.
आत्या तिला बाहुबलीला घेऊन गेली,
तिच्या चार तपासण्या झाल्या,
मग कुठं कुणाला माझी आठवण झाली.

अर्ध्या तासात पोचवा, ऊब जाऊ देऊ नका.
शर्टाच्या आत डबी धरून
विश्रामबागच्या सिग्नलला उभा राहिलो,
मिरजेकडं तोंड करून,
शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, काय शेठ, छातीत दुखतंय का.

अहवालात नऊ.
पंधराच्या वर हवे होते.
हळदीत असतं तर म्हटलं असतं, माल कमी आलाय, उद्या येईल.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठलं औषध चालू?
मी म्हणालो, नाही.

आमच्या यार्डात पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा.
वर तोंडं गप्प, खाली बोटं भाव बोलायची.
टेबलाखाली, ओढणीखाली
त्रिशलानं माझी दोन बोटं धरली आणि दाबली.
मी सांगितलं.

काही जणांत आकडा उतरतो, बाई म्हणाल्या, सगळ्यांत नाही.
थांबवलं की बहुतेकांचा चढतो.
तीन महिने बंद ठेवा, मग परत मोजू.
तुमच्यातून बाळापर्यंत जातं ते नगण्य,
त्याची धास्ती घेऊ नका.
लिहिता लिहिता पेन थांबलं.
कापतं कोण?

पंख्याचा आवाज बराच मोठा होता.
दिवस राहिले असतील, राहायचे असतील,
तर बाईनं याचा चुरा हाताळू नये.
मुलगा असला तर त्याची घडण...
पुढचं त्या भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाल्या.

त्रिशला उजव्या हाताचं पहिलं बोट बघत होती.

गेल्या श्रावणात अकरा दिवस वर गेले होते.
बाराव्या दिवशी काही नव्हतंच असं झालं.
ते आम्ही विचारलं नाही.
विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या,
सांगता येत नाही, तसं असेलच असं नाही.
परतीच्या वाटेवर हेच वाक्य
मी त्यांच्या आवाजात तीनदा म्हणून पाहिलं.

घरी आल्यावर तिनं अडकित्ता चिंचेनं घासला,
गच्चीत उन्हात ठेवला, परत आणून परत घासला.
आता तो माळ्यावर आहे.

दुसऱ्या महिन्यात मोरीच्या जाळीत केस दिसू लागले.
रमजान कात्री हातात धरून म्हणाला,
शीतलशेठ, बारीकच करू का?
कर, म्हटलं.
बाबगोंडा म्हणाला, बंद का केलीस रे?
म्हटलं, भाव उतरलाय.

काल दुसरा आकडा आला. चौदा.
ना धड इकडचा, ना तिकडचा.
रात्री त्रिशलानं माझ्या डोक्यावर हात ठेवला,
तसाच, उघड्यावर, रुमाल नाही, ओढणी नाही,
आणि पाचही बोटं दाबली.
हा कुठला भाव
मला अजून लागलेला नाही.