वीस मिलिमीटर

सकाळी पावणेसात. हंबरवरून येणारा वारा
हेल्मेटच्या पट्ट्याखालून शिरून कान चावतो.
गेटवरच्या रजिस्टरात मी लिहिते:
हेटी स्टॅदर्स, उमेदवार, वर्ष दुसरं.
सोमवार ते गुरुवार चिखल,
शुक्रवारी लीड्सला वर्ग.

शाळेतल्या मैत्रिणी ब्रिस्टलला गेल्या, ग्लासगोला गेल्या.
त्यांच्यावर कर्ज चढतंय, हिच्या खात्यात पगार पडतोय,
असं आई शेजारणीला सांगते तेव्हा
मी नळाखाली बूट धूत असते
आणि ऐकू न आल्यासारखं करते.

वर्गात मला साइटवाली म्हणतात,
साइटवर कॉलेजवाली.
ते झगझगीत जॅकेट पहिल्यांदा आरशात पाहिलं
तेव्हा स्वतःलाच म्हटलं,
अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालीस की गं.

काँक्रीट आलं की मी शंकू भरते.
तीन थर, दर थराला पंचवीस टोचे.
शंकू सरळ वर उचलला की तो करडा गोळा
खाली बसतो, पाळी संपलेल्या माणसासारखा.
किती बसला, ते पट्टीनं मोजायचं.
मग क्यूब भरायचे, तारीख घालायची, पाण्यात ठेवायचे.
अठ्ठाविसाव्या दिवशी प्रयोगशाळेत ते चिरडतात.
मोडण्यासाठीच केलेली वस्तू
इतकी जपून करायची!

आम्ही बांधतोय ती पुराची भिंत.
दिसेल ती कमरेएवढी, बाकी सगळी जमिनीच्या पोटात.

त्या बुधवारी तादेउशनं स्टाफ धरला,
मी दुर्बिणीतून वाचलं: एक पूर्णांक चारशे अडतीस.
बोटं बधिर होती. वहीत लिहिलं: चारशे अठ्ठावन्न.
दुपारी चहा घेताना बेरीज जुळेना.
पुन्हा केली. जुळेना.
गेटवर ट्रक आलेला, त्याचं पोट फिरतंय,
साचे ठोकून तयार,
आणि भिंत वीस मिलिमीटर बुटकी.

वीस मिलिमीटर. अंगठ्याच्या नखाएवढं.
कुणाला कळणार होतं?

आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर
आईनं पेन्सिलीनं माझी उंची लिहून ठेवली आहे.
मी आठ वर्षांची असताना पाणी घरात आलं
आणि माझ्या चौथ्या वाढदिवसाच्या रेघेवर येऊन थांबलं.
कपाटाच्या दुसऱ्या फळीला ते बोटभर कमी पडलं.
त्या फळीवर बाबांचे
होते नव्हते तेवढे सगळे फोटो होते.

मी क्लिफला सांगितलं.
तो एकतीस वर्षं मुकादम आहे.
त्यानं ट्रककडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.
"नक्की?"
"नक्की."
ड्रायव्हर जाता जाता जे बोलला
ते मी आईला सांगितलेलं नाही.
सुतारांनी साचे उचकटले. अंधार पडेस्तोवर
कुणी माझ्याशी बोललं नाही,
तादेउशनं तेवढा अर्धा सँडविच पुढे केला.

दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडलं.
त्याआधी क्लिफनं स्वतः मोजलेलं एक अंतर
मला पुन्हा मोजायला लावलं.
बरोबर होतं.
तो काही बोलला नाही, मीही नाही.

शुक्रवारी वर्गात हीटरशेजारी मला डुलकी लागली.
जाग आली तेव्हा फळ्यावर प्रश्न होता:
चूक आणि त्रुटी यांतला फरक सांगा.

उमेदवारीच्या नोंदवहीत एक रकाना असतो,
या महिन्यात काय शिकलात?
मागच्या महिन्यात मी अर्धं पान भरलं होतं,
सांघिक कार्य, संवादकौशल्य वगैरे.
या वेळी लिहिलं:
थंडीत माझा तीन पाचासारखा दिसतो.

त्या गुरुवारचे क्यूब अजून पाण्यात आहेत.
आज अकरावा दिवस.