गुळाचा डाग

गंगावेशीत, पितळी भांड्यांच्या दुकानामागं
दस्तगीर शिकलगारांची खोली. पाटी नाही.
ऐरणीच्या आवाजावर शोधायची,
आणि दुपारी ते झोपले असतील
तर सापडतच नाही.

मी गेलो तेव्हा त्यांनी चाकू दाखवलेच नाहीत.
माझा हात मागितला.
सुतळीनं तळवा मोजला, गाठ मारली,
खिळ्याला टांगली. तिथं अशा पन्नासेक सुतळ्या:
कुणा कलमं बांधणाऱ्याची, कुणा ढोलकीवाल्याची,
एक अगदी आखूड, बहुतेक पोराची.
"कशाला पायजे?"
म्हटलं, गुळाला. यार्डात सौद्याला असतो मी,
रव्याचा टवका काढून बघावा लागतो
कण कसा, रंग कसा, आतनं चिकट आहे का.
"नखं वाढवता?"
नाही.
"मग खाच खोल घालतो."
पैशाचं त्यांनी काढलं नाही.
मी काढलं, तर भाता जोरात ओढला.

सात महिने.
एक हंगाम सरला, गुऱ्हाळांच्या चिमण्या थंड झाल्या,
दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर पानवाल्याकडं निरोप आला.

चाकू हातात दिला नाही, पाटावर ठेवला.
हातोहात दिला की भांडण लागतं म्हणतात,
आणि गिऱ्हाइकाशी भांडायला त्यांना सवड नव्हती.

मिटलेला चार बोटं. म्हशीच्या शिंगाची मूठ,
काळ्यात एक पिवळसर शीर, काकवी
उन्हात धरली की दिसते तशी.
पातं ट्रकच्या जुन्या पाट्याचं:
"गगनबावड्याचा घाट चढल्यालं लोखंड हाय.
दमत न्हाई."
पितळेचे तीन खिळे, डोळ्याला आहेत,
बोटाला नाहीत.
उघडताना अर्ध्यावर एकदा थांबतो,
उंबऱ्याशी चप्पल काढणाऱ्या पाहुण्यासारखा,
मग सरळ आत येतो.

मिटवताना त्यांनी मूठ जबड्याला टेकवली.
कान ऐरणीनं कधीच नेले;
कमान बसली का ते आता हाड सांगतं.
टक.
मला वाटलं, झालं.
त्यांनी मान हलवली, कानस घेतली,
दोनदा, फक्त दोनदा घासलं,
पुन्हा जबड्याशी.
टक.
मला दोन्ही सारखेच वाटले.

घरी आणून तो मी रुमालात ठेवला. वर्षभर.
आल्यागेल्याला दाखवायचा,
उघडून, मिटून, पुसून परत आत.
सौद्याला जुनाच पत्र्याचा.
एकदा उगाच धार बघा म्हणून घेऊन गेलो.
त्यांनी लखलखत्या पात्यात
आपलं नाक बघितलं बराच वेळ.
"मी पाणी पाजून दिला," म्हणाले,
"तुमी उपाशी ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच रव्यात घातला.
गूळ तुटला नाही, बाजूला झाला.
अडत्यानं माझ्याकडं बघितलं, मग चाकूकडं,
आणि बोली विसरला.

आता त्याच्यावर एकही जागा कोरी नाही.
टोकाशी लिंबाचा निळा, पोटाला पेरूचा,
मधोमध गुळाचं करडं आभाळ,
जे पुसून जात नाही
आणि जाऊ नये.

परवा गेलो. ऐरणीवर आता शमशाद, त्यांची लेक;
घाव बापापेक्षा हलका, पण चुकत नाही.
ते कोपऱ्यात, डोळ्यांत मोतीबिंदू.
मी काही बोललो नाही, चाकू पाटावर ठेवला.
चाचपून त्यांनी उचलला, उघडला,
जबड्याला लावून मिटला.
"गुळाचा," म्हणाले.
पुन्हा उघडला. पात्याच्या मुळाशी अडकलेला कण
नखानं काढून जिभेवर ठेवला.

"औंदाचा माल खारट हाय."

त्या रव्याला मी सकाळीच
चढा भाव लावून आलो होतो.