हातमोज्यांची वही

तार्तूत जानेवारीत साडेतीनलाच दिवस कलतो.
खिडकीखाली नदी गोठलेली,
तिच्यावरून कुणीतरी सायकल हातात धरून चाललंय.
रायवो म्हणाला, "युटा, आलं उत्तर,"
आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

एकाच्या आकड्यावर एक उभी रेघ.
तिच्यावर आमचा अंदाज आडवा पडलेला,
दोन्ही हात पसरून,
थोडा इकडे, थोडा तिकडे.
म्हणजे सांगता येत नाही.
अकरा महिन्यांचं काम
आणि सांगता येत नाही.

*

आई मुहू बेटावर हातमोजे विणायची,
केशरी, गुलाबी, मनगटाशी काळी नक्षी.
निळ्या वहीत महिन्यागणिक जोड्यांची नोंद.
एकोणऐंशी सालचं पान मला पाठ आहे.
जानेवारी, एक. तीही अंगठ्याविना.
मार्च, तीन.
जून, सहा.
ऑगस्ट, नऊ, आणि शेजारी बारीक अक्षरात:
"बोटं दुखत नाहीत. का?"
सप्टेंबरात मी जन्मले.
नोव्हेंबरसमोर नुसती आडवी रेघ.

माझ्या लंगोटाची पीन शेजारची लाइने लावायची,
दिवसातून सहा वेळा अंगण ओलांडून.
आईला ती चिमटीत धरवत नव्हती.

पोटात मी होते तोवर तिचे हात तिचे होते.
हे कुणी मला बोलून दाखवलं नाही.
वही वाचता येऊ लागली तेव्हा मीच मांडलं,
पहिलं गणित.

*

रक्तातलं संप्रेरक मोजून भागत नाही.
आजारच त्याला हलवतो,
गोळ्या हलवतात, वय हलवतं, उडालेली झोप हलवते.
बैल गाडी ओढतोय की उतारावरची गाडी बैलाला,
हे एका थेंबावरून कळत नाही.

म्हणून मागे जायचं,
पहिल्या सुजेच्या मागे, पहिल्या रडण्याच्याही,
जिथे आईबापाची पानं पिसून वाटली जातात
आणि कुणाच्या वाट्याला
इस्ट्रोजेन केसभर वाढवणारं एक अक्षर येतं,
कुणाच्या येत नाही.
तिथे ओळखपाळख चालत नाही,
सिगारेट, पगार, घरातली ओल, काहीच अजून घडलेलं नसतं.
कुणी न टाकलेल्या चिठ्ठ्या.
आपण फक्त पन्नास वर्षांनी जाऊन विचारायचं,
सकाळी मूठ वळते का हो?

दीड लाख माणसं,
उणे ऐंशीच्या कपाटात नखाएवढ्या नळ्यांतून
रांगेत उभी.
काहींची वळत नव्हती.
दोन्ही ढिगांत जवळजवळ सारखीच.

*

रात्री फोन केला.
ती दोन्ही तळव्यांमध्ये फोन धरते, ओंजळीत पाखरू धरावं तसा,
त्यामुळे तिचा श्वास आधी ऐकू येतो.
"मग मी खोटं लिहिलं होतं?"

नाही गं. तुझ्या अंगात तेव्हा समुद्राची भरती होती,
एक नाही, शंभर गोष्टी एकदम चढलेल्या,
त्यात मीही एक, अर्धी परकी.
आणि आम्ही भरतीचा प्रश्न
आयुष्यभर पडणाऱ्या दवाला विचारला.
दवाने खरंच सांगितलं,
दवाला जेवढं माहीत तेवढं.

बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हणाली, "वीण बरोबर आहे तुझी. सुई जाड पडली.
उसव, नि पुन्हा टाके घाल."
आणि लगेच, नदी गोठली का,
पुलावर वारा आहे का,
हातात काय घालतेस.

काय सांगू.
तिने न विकलेली एकच जोडी माझ्याकडे आहे,
जानेवारीची.
उद्या सकाळी रायवोला नवी यादी द्यायची आहे,
संप्रेरकांची नव्हे, त्यांचं ऐकणाऱ्या पेशींची.
पुलावरून जाताना अंगठा
बाकीच्या चार बोटांत मुडपून घेते.
तिथे ऊब असते.