फगा

शुवैखच्या गॅरेजात सतरा वर्षं गाड्या रंगवल्या.
थिनरनं आधी रॉकेलचा वास नेला, मग लसणाचा,
शेवटी माझ्याच घामाचा.
नाक आहे. चष्मा टेकवायला उपयोगी पडतं.

हे अबू मिशारीला कधी सांगितलं नाही.
फेब्रुवारीतला शुक्रवार, साल्मी रस्त्याच्या पलीकडे
त्याची पिकअप रुतलेली, मी ढकलायला आलेला,
आणि तो गाडी विसरून
कंबरेत वाकून चालत सुटला
सांडलेली सुटी नाणी शोधावीत तसा.
"यंदा विजा कडाडल्यात," म्हणाला,
"फगा विजेला ओ देतो."
मग रगरूगचं झुडूप दाखवलं, वीतभर, धुळकट.
"याच्या आसपास. झुडूप नको बघू, भेग बघ."

भेग सापडली.
तव्यावर भाकरी फुगताना तिला पडते तेवढी चीर,
खाली काहीतरी खांद्यानं माती उचलत होतं.
स्क्रू-ड्रायव्हरनं उकरलं.
बटाटाच म्हटला असता,
पण बटाट्याचं अंग असं गार नसतं.

"हुंग. जुबैदी की खलासी?"
मी डोळे मिटून हुंगलं.
आत रिकामी खोली, पंखासुद्धा बंद.
डोळे उघडले, साल पाहिली. फिकट, जुन्या चुन्याची.
रंगाऱ्याला रंग तरी कळतो.
"जुबैदी," म्हटलं.
त्यानं पाठीवर थाप मारली, चार फगे माझ्या टोपीत टाकले.

संध्याकाळी देवरुखला फोन लावला.
"कुंदे, वारुळावरच्या अळंब्यांना वास कसला यायचा गं?"
"कसला म्हणजे? अळंबीचा."
मग जरा थांबून,
"ओल्या गोणपाटात आठळ्या ठेवल्यावर येतो ना... छे, तसाही नाही.
आणि मला काय विचारतोस?
पायवाटेवरूनच तू ओरडायचास, आज आहेत म्हणून.
आम्ही मागून टोपल्या घेऊन."
मी?
"तूच की."

खोलीत सहा जण, स्टोव्ह एक.
कांदा, मीठ, तेल. खोबरं संपलेलं.
झाकण काढलं
तर बिजूनं मोबाइलमधून मान वर केली.
टेकबहादूर रात्रपाळीची झोप घेत होता,
झोपेतच भिंतीकडून स्टोव्हकडे वळला.
शेजारच्या खोलीतला फोरमन, मीठही कधी न मागणारा,
दारात येऊन उगाच उभा.
मी ढवळायचं सोडून
एकेकाच्या नाकपुड्या वाचत राहिलो.

"बाहेर पाऊस पडतोय का?" बिजूनं विचारलं.
नव्हता पडत.

वाढताना माझ्या ताटलीत
दोन फोडी जास्त घेतल्या.
कुणी काही बोललं नाही.