टी-१

मीच लिहिलं होतं ते पत्र.
कौन्सिलच्या कोऱ्या कागदावर, एका रविवारी, कुणालाही न विचारता:
ओढ्यापलीकडचं शेत विकलं गेलंय,
घेणाऱ्याच्या नकाशात तेरा घरं आहेत, एक वळणदार रस्ता,
आणि गेथिन प्रॉसरच्या बांधावरचं नासपतीचं झाड
कुठेच नाही.

महिन्याभरानं काउंटीची मुलगी आली, कोरे बूट घालून.
तिनं छातीच्या उंचीवर, नियमाप्रमाणे,
खोडाला फीत गुंडाळली.
फीत संपली, झाड उरलं.
गेथिन दारातून बघत होता, चहा निववत,
परक्या शिंप्यानं आपल्या म्हाताऱ्या आईचं माप घ्यावं
तसा अवघडून.

हुकूम आला तो टाचलाही मीच,
मेंढ्यांच्या लिलावाच्या जाहिरातीशेजारी.
नकाशावर काळं वर्तुळ, त्यावर टी-१.
तोडू नये, छाटू नये, शेंडा मारू नये,
मुळासकट उपटू नये, जाणूनबुजून इजा करू नये
कुणीही.
त्या ‘कुणीही’वर तेव्हा माझी नजर थांबली नाही.

तेरा घरं बारगळली.
ग्वेनलियननं माझ्यासाठी बडीशेपेचा केक आणला,
चॅपलमध्ये लोक माझ्याकडे वळून हसले.

जानेवारीत गेथिन कार्यालयात आला.
टोपी हातात, करवत बाहेर भिंतीला टेकवलेली.
म्हणाला, वाऱ्याकडची फांदी जड झालीय.
आम्ही छाटतो तिला दर पाच-सहा वर्षांनी,
आजोबा छाटायचे, मग बाप, मग मी.
आता म्हणे कागद लागतो?

मी त्याला फॉर्म दिला.
‘कामाचं कारण’पुढे त्यानं लिहिलं: जड झालीय.
‘पुरावे जोडा’पुढे बराच वेळ काही नाही,
मग: येऊन बघा.
निर्णयाला आठ आठवडे, मी म्हटलं.
तो ‘बरं’ म्हणाला
आणि करवत कोटाखाली झाकून घरी गेला,
जणू मी ती पाहिलीच नव्हती.

सहाव्या आठवड्यात समुद्राकडून वारा आला.
फांदी गेली, पण एकटी नाही गेली,
माणसाच्या उंचीएवढी खोडाची साल
सोलून घेऊन गेली,
खाली कोंबड्यांचं खुराडं होतं.

मी पोचले तेव्हा तिन्हीसांज होऊन गेली होती.
शिडीवर गेथिन, हातात बाकदार सुरी,
जखमेच्या चिंध्या कडेनं हळूहळू उतरवत,
पाणी साचू नये म्हणून खाली निमुळतं करत.
माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं,
‘ह्याला अर्ज लागतो?’
लागत होता बहुतेक.
मी टॉर्च धरला.
कितीतरी वेळ आम्ही दोघं बोललो नाही,
एकदा फक्त तो म्हणाला, थोडा डावीकडे.

परवानगी ठरल्या दिवशी आली, सही-शिक्क्यानिशी,
सदर फांदी छाटण्यास हरकत नाही.
ती मी फाईलला लावली. त्याला दिली नाही.

ऑक्टोबरात कार्यालयाच्या पायरीवर एक गोणपाट:
टी-१ची फळं, मुठीत मावणारी, तांबूस, दगडासारखी.
ती नुसती खायची नसतातच,
पिळून, पिंपात भरून, वर्षभर वाट बघायची असते,
हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे.
मलाही होतंच.
तरी एक उचललं, बाहीला पुसलं,
उभ्या उभ्याच चावा घेतला.

जीभ, टाळू, गालांचं आतलं कातडं,
सगळ्याला एकदम मिठी बसली.
तेवढ्यात फोन वाजला,
आणि मला ‘हॅलो’ म्हणता येईना.