जर्मन

माधवनगरच्या गिरणीत यंत्रं बसवायला आलेला माणूस
जाताना माझ्या दुकानात छत्री विसरला नाही,
कॅसेट विसरला.
किंवा ठेवली.
उंच माणसं काय विसरतात आणि काय ठेवतात
ते खालून कळत नाही.

दुकान म्हणजे मिरजेत दोन पायऱ्या,
वर पत्रा, आत रेडिओंची उघडी पोटं.
कव्हरवर चार पोरं भिंतीला पाठ लावून,
जणू शिंपी येणार आहे मापं घ्यायला.
बँडचं नाव वाचता येईना. एका अक्षरावर दोन टिंबं,
ती माशीची समजून मी थुंकी लावून पुसून पाहिली.

पहिलाच अल्बम, तो म्हणाला होता मोडक्या इंग्रजीत
माझ्या त्याहून मोडक्या इंग्रजीला.
डावीकडून दुसरा, त्याचा धाकटा भाऊ.
हजार काढल्या, दोनशे गेल्या.
तिकडच्या पेपरानं लिहिलं,
फ्रीजचं दार उघडं राहिल्यासारखं गाणं.
हे सांगताना तो हसला
आणि मग बराच वेळ
माझ्या फ्यूजच्या डब्यात बघत राहिला.

दिवेलागणीला लावली.
ठक. ठक. ठकठक.
वर एक सूर, धुतलेल्या काचेसारखा,
कुणाचा हात न लागलेला.
मग एक पोरगा गायला लागला,
गाडी किती लेट आहे ते सांगावं तसा.

नेमू पानवाल्यानं विचारलं, कुठलं रे?
जर्मन.
वाटलंच, म्हणाला. जर्मनच्या पातेल्यावर चमचा.
झालं. गल्लीत तेच नाव पडलं.
लाव की तुझं पातेलं.

बँडवाले गुरव मास्तर क्लॅरिनेटची पत्ती जिभेवर भिजवत म्हणाले,
ह्यात फुंकतं कोण?
कुणीच नाही?
मग वरातीत बिदागी कुणाच्या हातात द्यायची?

सांगलीहून हळदीची पोती नेणारा भूपाल चौगुले
तेवढा थांबायचा, टेम्पो चालू ठेवून.
ह्यानं घाटात डोळा लागत नाही, म्हणाला. कॉपी मार.
एक त्याला, एक क्लीनरला,
एक मेव्हण्याला, ज्यानं ती परत आणून दिली.
मी हिशेब ठेवला: दोनशे दोन.

दस्तगीरचाचा सतारमेकर गल्लीतून आले
त्यांच्या मर्फीचा व्हॉल्व्ह बघायला.
भुवयांत भोपळ्याचा भुसा.
कान स्पीकरला लावला, बंद दाराला लावावा तसा.
षड्ज कुणी लावला?
विजेनं.
चोख आहे.
दुसरी बाजू संपेपर्यंत काही बोलले नाहीत.
जवारी नाही, म्हणाले.

तार घोडीवर नुसती टेकली तरी सूर निघतो, बेटा.
पण घोडी घासायची, घासायची,
तार तिच्यावर जरा रांगली पाहिजे,
तेव्हा तो बोलतो.
ह्या पोरांचा सूर उभाच आहे. त्याला बसायला सांग.
पत्ता असेल ना? लिही.

लिहिलं. एरोग्रॅमवर, डिक्शनरी घेऊन.
जवारीला शब्द मिळेना. रात्री अकराला
'धूळ' ह्यावर समाधान मानलं.
मिरजेतल्या एका कारागिराच्या मते
आपल्या गाण्यात थोडी धूळ हवी. कळावे.
उत्तर आलं नाही.
पोस्टमन मोमीन मात्र वर्षभर विचारायचा,
पातेल्याचं काय झालं?

मग उन्हाळे. एप्रिलमध्ये पत्रा असा तापतो
की डिंकसुद्धा घाम सोडतो.
टेप ताणली. दोनदा पेन्सिलीनं गुंडाळली,
एकदा नखानं चिकटवली.
भूपालच्या पोत्यांची पिवळी पूड
कधी हेडवर बसली कळलं नाही.
आता ठक जरा ओला येतो.
पोरगा घोगरा झालाय,
प्रत्येक शब्दाला किंचित उशिरा पोचतो,
आणि त्या वरच्या सुराला कडेनं
काहीतरी लागून असतं, मधमाशीएवढं.

चाचा असते तर विचारलं असतं.

कापसाचा बोळा, दोन थेंब स्पिरिट,
हेड लख्ख व्हायला दोन मिनिटंही लागत नाहीत.
गिऱ्हाइकांचं दिवसातून दहा वेळा करतो.
बाटली समोर आहे.
हात जात नाही.