शंभर टक्के

ऑगस्टात हमरियाला रात्रीही वारा नसतो.
कंट्रोल रूमचं दार ढकलून बाहेर पाऊल टाकलं
की चष्मा आंधळा.
आत एकवीस अंश, बाहेर
अख्खा समुद्र पातळ करून हवेत टांगलेला.
मी तसाच उभा राहतो. पुसत नाही.
पुसला की लगेच पुन्हा धरतो.

त्या आठवड्यात दोन नंबरचा ड्रायर
रोज पहाटे तीनच्या पुढे
आर्द्रता शंभर टक्के म्हणायचा
आणि नऊ वाजेपर्यंत शब्द मागे घ्यायचा नाही.
यंत्र भाबडं, त्याचा विश्वास बसायचा.
झडपा सताड उघडायच्या,
वाफेबरोबर गॅसचे दिरहम धुराड्यातून वर,
आणि जिप्समच्या पाट्या इतक्या करकरीत
की कडेला नख लावलं तर पीठ.

वजीह साहेबांनी नवा सेन्सर मागवला.
नव्यानंही पहिल्याच रात्री शंभर म्हटलं.
रोडेल हसला, म्हणाला, जुन्यानं त्याला शिकवून ठेवलंय.
मी हातमोजे घालून प्रोब बाहेर ओढला.
जाळीच्या टोपीत एक थेंब.
मुगाच्या दाण्याएवढा.
ड्रायरात तेवढी ओल नव्हतीच.
हा आपलाच घाम मोजत बसला होता
सहा तास.

मुबीन परकार स्टोअरला असतात, सत्तावीस वर्षं.
बाहेर पडण्याआधी ते चष्मा उतरवतात
आणि चहाच्या किटलीच्या पोटाला टेकवून ठेवतात.
मी रोज बघत होतो, म्हाताऱ्याची खोड म्हणून.
त्या रात्री विचारलं.
‘गरम काच धरत नाय रे,’ एवढंच म्हणाले
आणि स्वच्छ डोळ्यांनी अंधारात गेले.

तीनला पातं बदलायला लाइन थांबते.
वीस मिनिटं.
तेवढ्यात प्रोब निवतो,
त्याची निम्मी मान डक्टच्या बाहेर, उघड्यावर.
मग एकदम वाफ येते, सत्तर अंशांचा दवबिंदू घेऊन,
आणि जे जे त्याहून गार
त्याच्या अंगावर पाणी होऊन बसते.

मग केलं ते असं:
मानेला रॉकवूल गुंडाळलं, वर पत्रा.
प्रोब आणखी एक वीत आत सरकवला,
तोंड खाली उतरतं, थेंब आलाच तर टोकाशी न थांबता गळून जावा.
आणि पोटात हीटर असलेला प्रोब घेतला,
लाइन थांबली तरी जागा राहणारा,
भोवतालच्या हवेहून नेहमी थोडा ऊन.

यात एक गोम आहे.
ऊन राहिलेला प्रोब भिजत नाही
पण तो आर्द्रता कमी सांगतो.
स्वतःच्या उबेमुळे त्याला सगळं जरा कोरडंच वाटतं.
म्हणून हातभर अंतरावर दुसरा, साधा थर्मामीटर लावायचा,
गार तर गार, खऱ्या हवेत उभा,
आणि दोघांचं ऐकून हिशोब मांडायचा.

शुक्रवारी हबीबाला फोन करतो, दापोलीला.
बरंय म्हणतो. जेवलो म्हणतो.
पगार वेळेवर, खोलीत चौघंच, एसी चालू.
ती ऐकून घेते.
मग विचारते, ‘बाहेर किती आहे?’
मी म्हणतो, बेचाळीस.
ती जरा थांबते.
त्या थांबण्यात ती काय वजा करते, काय मिळवते
मला कळत नाही,
पण पुढचा प्रश्न नेमका तिथेच येतो
जिथे ओल असते.

काल पहाटे तीन चाळीस.
लाइन थांबून पुन्हा सुरू झाली.
स्क्रीनवर एकतीस.
मिनिटानं बत्तीस. पुन्हा एकतीस.
रोडेलनं टेबलावर ताल धरला.
मी चष्मा किटलीला टेकवला,
जरा जास्तच वेळ,
आणि बाहेर जाताना कानाची पाळी भाजली.